बटणाएवढा डाग

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी तुझा आवाज दीड दिवसाच्या प्रवासाइतका लांब आहे, त्यामुळे मी निर्धास्त आहे. दुकान चालू आहे, थंडी ओसरत आली आहे, माझी तब्येत उत्तम आहे. हे शेवटचं वाक्य मी दर पत्रात लिहितो आणि दर वेळी तू ते खोटं धरतेस. या खेपेला मात्र तुझं बरोबर आहे.

झालं असं, की बँकेतल्या साहेबांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर हाताने बसवत होतो. बघतो तर कापडावर लाल ठिपका. पुसेपर्यंत दुसरा. कुठून आला म्हणून शोधायला लागलो, तर माझ्या डाव्या करंगळीत टाचणी उभी होती. चांगली अर्धी आत गेलेली, आणि मला पत्ता नाही. ती मी उपटली तेव्हाही काही वाटलं नाही. कापडावरचं रक्त ज्याचं त्याच्याच थुंकीने निघतं, हे माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, म्हणून शर्ट वाचला. साहेबांना सांगू नये असं ठरवलं आहे.

दोन महिने झाले, करंगळीला मुंग्या येतात. सकाळी उठतो तेव्हा ती माझी नसतेच. दिवसभर बोटांतून बटणं निसटतात आणि मी मशीनखाली रांगत असतो. ताई, लोकांना वाटतं शिंपी उजव्या हाताने शिवतो. उजवा नुसता सुई चालवतो. कापड कुठे ताणलंय, कुठे सैल आहे, सुई पलीकडे कुठे निघाली, हे डावा सांगतो. तो बोलायचा बंद झाला तर दुकान बंद करावं लागेल, आणि दुकान बंद झालं तर मी वर घरात बसून काय करू, हे मला कळत नाही. वर जायला अकराच पायऱ्या आहेत, पण ही गेल्यापासून त्या चढायला मी रोज काहीतरी कारण शोधतो.

डॉक्टरकडे गेलो नाही. ते आधी विचारतील, घरी कोण कोण असतं. तू सिस्टर म्हणून पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीस, तूच काय ते सांग.

लोभ असावा, ओरडा जरा कमी असावा.

तुझा धाकटा

---

ता. १४ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

लहानपणी तू टाचणीसारखा बारीक होतास म्हणून हे नाव ठेवलं, तू त्या अंगात टोचून घेशील असं वाटलं नव्हतं. दोन महिने! दोन महिने मुंग्या येतायत आणि मला आज कळतंय. माझ्या वॉर्डात असतास तर कान धरून उभा केला असता.

आता नीट वाच. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, म्हणजे कुठलीतरी नस कुरकुरते आहे. का कुरकुरते त्याची कारणं ढीगभर. पहिलं साखर, कारण बाबांना होती. पण साखरेचं दुखणं बहुतेक पायांपासून सुरू होतं, दोन्ही पायांना एकदम, मोजे चढवावेत तसं खालून वर येतं. दुसरं कारण खाणं. तुझ्या पत्रांत नुसता चहा आणि पाव असतो, माझ्या लक्षात येत नाही असं समजू नकोस. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व कमी झालं की नसा वाळतात. तिसरं थायरॉइड. चौथं दारू, त्यातून तुला सोडते. आणि मग दबलेली नस. ती मानेत दबते, कोपरात दबते, नाहीतर मनगटात. कात्री चालवणाऱ्यांची बहुधा मनगटात दबते, पण तेव्हा अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं जातात. तू करंगळी म्हणतोस, ते मला पटत नाही.

म्हणून असं कर. कागदावर डावा पंजा ठेव, पेन्सिलीने कड आखून घे आणि जिथे जिथे बधिर आहे तिथे रेघा मारून पाठव. कापड बेततोस तितक्या काळजीने बेत. आणि डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे. कधी अचानक एका बाजूचा हातपाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर मला पत्र लिहीत बसू नकोस. तडक हॉस्पिटल गाठायचं. चहातली साखर आजपासून बंद. मी सहा वर्षं बिनसाखरेचा पिते, मेले नाही.

माझं छान चाललंय. परवा एक गंमत झाली. वाचनालयात पुस्तकं परत करायला निघाले होते, तर खालचा औषधवाला धावत मागून आला. हातात माझी चप्पल! मी जिना उतरून अर्धा रस्ता एका पायात चप्पल घालून गेले होते आणि मला कळलंच नव्हतं. तो पोट धरून हसला, मीही हसले. डोकं पुस्तकात असलं की असंच व्हायचं.

वहिनीला जाऊन तीन वर्षं होतील आता. ती असती तर हे पत्र मी तिलाच लिहिलं असतं आणि तू दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या दारात असतास.

ममता आहे म्हणून रागावते, एवढं ध्यानात असू दे.

ताई

---

ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हुकुमाप्रमाणे गेलो. आमचे डॉक्टर स्वतःच इतके खोकतात की पेशंटला ओशाळल्यासारखं होतं. त्यांनी बोटांना टाचणी टोचून विचारलं, इथे लागतं का, इथे लागतं का. त्यांची टाचणी इतकी बोथट होती, की मी माझ्या कोटाच्या कॉलरमागची एक काढून दिली. शिंप्यावर शिंप्याचीच टाचणी चालली. साखर ठीक निघाली. बी-बारा कमी आहे, पण फार नाही. गोळ्या दिल्या, अंडी आणि दूध सांगितलं. मानेचा फोटोही बरा आला.

घरी कोण असतं, हे विचारलंच त्यांनी. मी शिवणयंत्र म्हणालो. ते हसले, मग खोकले, आणि तो विषय तिथेच राहिला.

कोपर कशावर टेकता का, असंही विचारलं. मी सांगितलं, दुकानातलं टेबल कमरेइतकं उंच आहे, मी उभ्याने बेततो, मशीनवरही कोपर टेकत नाही. हे खरंच आहे, येऊन मोजून जा.

सोबत पंजा जोडला आहे. बेतताना कागद हलू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर जुन्या इस्त्र्या ठेवल्या होत्या. बधिर भाग निळ्या खडूने भरला आहे. शिवणीला मार्जिन सोडलेलं नाही, जसा आहे तसा हात आहे.

परवा एक वरचं काज चुकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाने शर्ट परत आणला. तो घडी घालून टेबलावर ठेवून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

लोभ आहेच, तो तसाच राहावा.

तुझा धाकटा

---

ता. ३ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पंजा पोचला. टेबलावर ठेवला आणि आधी त्यावर माझाच हात ठेवून पाहिला. तुझा हात माझ्या तळव्यात मावायचा, आता माझी बोटं तुझ्या रेघेच्या आतच संपतात. कितीतरी वेळ तसाच ठेवून बसले होते. घरात दुसरा हात बऱ्याच वर्षांनी आला, कागदाचा का असेना.

तर ऐक. तू करंगळी पूर्ण भरली आहेस आणि शेजारच्या बोटाची अर्धीच बाजू, मधोमध शिवण घातल्यासारखी. बरोब्बर अशीच एक नस जाते. ती कोपराच्या मागच्या हाडाला लागून असते, हाड आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. कोपर वाकवून कडक जागी टेकवलं, तेही रोज, तासन्‌तास, की ती चिरडते. तुझ्या निळ्या खडूवर माझा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास आहे.

दुकानातलं टेबल कमरेइतकं आहे हे कबूल. मग दुकानात नव्हे, वर. वरच्या खोलीत खिडकीला दगडी कट्टा आहे, बाहेर बसस्टॉप दिसतो. वहिनी होती तेव्हा मी तिथे बसून चहा प्यायले आहे. मी पस्तीस वर्षं माणसांचं खोटं त्यांच्या अंगावरून वाचलं आहे. खरं काय ते लिही.

मी ठणठणीत आहे. इथे थंडी अजून आहे, म्हणून संध्याकाळी पाय गरम पाण्यात घालून बसते आणि पुस्तक वाचते. एकटीचं राज्य आहे.

जीव लावून आहे, तुझ्या हातालाही.

ताई

---

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस.

ही पाच चाळीसच्या बसने यायची. मी सव्वापाचला दुकानाचं दार ओढून वर जायचो, खिडकीत बसायचो, आणि ती बसमधून उतरताना दिसली की चहाचं पाणी टाकायचो. ती स्टॉपवरून चालत येऊन जिना चढेपर्यंत चहा गाळून तयार. सव्वीस वर्षं एकदाही चहा उतू गेला नाही आणि गारही झाला नाही. तिला त्याचं फार कौतुक होतं.

अजूनही सव्वापाचला वर जातो. डावं कोपर कट्ट्यावर, गाल मुठीवर. पाच चाळीसची येते, जाते. मग सहा दहाची. मग सात पाचची. ती त्यांतून उतरणार नाही हे मला ठाऊक आहे, ताई, माझं डोकं ठिकाणावर आहे. पण त्या वेळेला करायचं काय, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तिथून उठलो की खोलीत वळावं लागतं. म्हणून अंधार पडेपर्यंत बसतो आणि हात मेला की उठतो. अशी माझ्या करंगळीची कथा. डॉक्टरांना ही कशी सांगणार?

तुझं ऐकून चार दिवस कोपर टेकलेलं नाही. रात्री हात वाकू नये म्हणून जुना टॉवेल गुंडाळून झोपतो. शेजारच्या बोटात थोडी धग आली आहे असं वाटतं. काल धाग्याची गाठ बोटाला कळली. एवढ्याशा गाठीने डोळ्यांत पाणी आलं.

आता माझी पाळी. तुझी चप्पल रस्त्यात सुटते म्हणजे ती सैल झाली आहे. कोटाच्या कापडाचे मऊ तुकडे उरलेत, त्यांचे घरात घालायचे मागून बंद असलेले बूट शिवून पाठवतो. म्हणून तूही दोन्ही पाय कागदावर बेतून पाठव. पायावर पूर्ण भार देऊन उभी राहा, नाहीतर माप कमी येईल.

लोभ करतेसच, मापही बिनचूक कर.

तुझा धाकटा

---

ता. २० मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वॉर्डात नातेवाइकांना काय सांगायचं ते सगळं पाठ होतं, पण ते दुसऱ्यांच्या माणसांसाठी होतं.

खिडकीत बसू नकोस असं मी म्हणणार नाही. बस. फक्त कोपराखाली उशी घे आणि दर बसला हात सरळ करत जा. तेवढं वहिनीनेही सांगितलं असतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर उभी राहिले आणि दोन्ही पाय आखले. वाकून आखताना दम लागला, रेघ थोडी वाकडी आहे, समजून घे. बूट फार देखणे नकोत, मला कुठे मिरवायचंय? माझं सगळं ठीक आहे.

माया कमी पडली तर कळव, आणखी पाठवीन.

ताई

---

ता. २६ मार्च, स्टेशनची वेटिंग रूम

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. परवा तुझं दार वाजेल, ते मी असेन, आणि मी हे तुझ्या हातात देईन. तोंडाने बोलायला गेलो तर तू मला पहिल्या वाक्यालाच गप्प करशील. म्हणून आधी खाली बस, हे पूर्ण वाच आणि मग काय ओरडायचं ते ओरड.

काल तुझे पाय आले. टेबलावर पसरले, कात्री घेतली आणि थांबलो. डाव्या पायाच्या रेघेच्या आत, अंगठ्याच्या मुळाशी, जिथे चालताना सगळा भार येतो तिथे, एक तपकिरी डाग आहे. शर्टाच्या बटणाएवढा, गोल, कडेला ओलसर पिवळट. आधी वाटलं चहा सांडला. मग नाक लावून पाहिलं.

ताई, मी रक्ताचा डाग ओळखतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्याच करंगळीने मला शिकवलं. तू पत्रात त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तू लपवत असतीस तर दुसरा स्वच्छ कागद घेतला असतास, इतकं तुला मी ओळखतो. म्हणजे तुला माहीतच नाही. तुझ्या तळपायाला भोक पडलं आहे आणि तू त्यावर उभी राहून माझ्यासाठी माप काढलंस.

मग तुझी सगळी पत्रं काढून बसलो. सहा वर्षं बिनसाखरेचा चहा. पायातून गेलेली चप्पल, जिना उतरून अर्ध्या रस्त्यापर्यंत. रोज गरम पाण्यात पाय, ते किती गरम आहे हे तुला कळतं तरी का? दोन्ही पायांना एकदम, मोजे चढवावेत तसं, हे तूच मला लिहिलंस. मला सगळी कारणं समजावून सांगताना तू पहिलं कारण स्वतःपाशी ठेवून घेतलंस.

तुझ्या खालच्या औषधवाल्याला फोन केला. तो वर जाऊन आला आणि म्हणाला, त्या मजेत आहेत, शिंप्याला म्हणावं आपलं कापड सांभाळ. त्यानंतर मी दुकानाला कुलूप लावलं. साहेबांची पँट तशीच मशीनवर आहे. तीन वर्षांत आज पहिल्यांदा पाच चाळीसला मी खिडकीत नाही.

वाचून झालं असेल तर आता पाय वर घे आणि मला तळवा दाखव. लाजू नकोस. तू माझं नाक पुसलेलं आहेस.

लोभ बाजूला ठेव, आधी पाय.

तुझा धाकटा

---

ता. ९ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तू परत जाऊन पावणेतीन महिने झाले आणि पत्र मी आज लिहिते आहे, कारण आज डॉक्टरांनी पायाची पट्टी कायमची काढली. अंगठा गेला तो गेला. पाय राहिला. तू आणखी आठवडाभराने आला असतास तर घोट्याच्या वर कापावं लागलं असतं, हे त्यांनी आज सांगितलं. तेव्हा का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाले, तुमचे भाऊ बाकावर बसून वॉर्डाचे पडदे शिवत होते, त्यांच्यासमोर धीर झाला नाही.

तू ऐंशी दिवस होतास तोवर मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. तूही विचारली नाहीस, ती तुझी माणुसकी. साखर आहे हे मला सहा वर्षांपासून ठाऊक होतं. पायाला मुंग्या येत होत्या तोवर गोळ्या घेत होते. मग मुंग्या थांबल्या. मी, पस्तीस वर्षं सिस्टर राहिलेली बाई, मनाशी म्हणाले की बरं झालं, बरी झाले. मुंग्या थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे, नस मेली म्हणूनही त्या थांबतात, हे मी शेकडो माणसांना सांगितलं आहे. दिवसातून एकदा तळपाय बघा, हेही सांगितलं आहे. पण तो बघायला आरसा लागतो, नाहीतर घरात कोणीतरी माणूस लागतं. माणूस नव्हतं आणि आरसा वापरला तर ते कबूल करावं लागलं असतं. एवढंच कारण. मी एकटी आहे हे मला कोणाला दाखवायचं नव्हतं, तुला तर नाहीच.

तू पलंगापाशी जमिनीवर लावून दिलेला आरसा तिथेच आहे. रोज सकाळी बघते. पाणी कोपराने तपासून मगच पायावर घेते, म्हणजे तुझ्या कोपराची आठवण होतेच. तुझे कोटाच्या कापडाचे बूट घालते. डाव्या बुटात अंगठ्याच्या जागी तू भरलेला कापूस इतका नीट बसला आहे, की वाचनालयातल्या बाईंना अजून काही कळलेलं नाही.

तू लिहिलं आहेस की करंगळी आता पुष्कळ सुधारली, काजं सरळ येतात, बँकेतले साहेब पुन्हा यायला लागले. आणि खिडकीतही बसतोस, उशी घेऊन. शाबास. पण तुझ्या पत्रात अजून चहा आणि पाव आहे.

डॉक्टरांनी मला प्रवासाची परवानगी दिली आहे. तिकीट काढलं आहे, परतीचं काढलेलं नाही. पुढचं काय ते आपण बसून ठरवू, किंवा ठरवणार नाही. गाडी २१ तारखेला दुपारी पोचते. स्टेशनवर मुळीच यायचं नाही. मी तिथून पाच चाळीसच्या बसने येईन. तू वर खिडकीत बस, कोपर उचलून. मी उतरलेली दिसले की पाणी टाक, माझ्या कपात साखर नको.

फक्त लगेच टाकू नकोस. मी वहिनीपेक्षा हळू चालते.

ताई